घाट चढण्यापूर्वी : उन्हाळी प्रवासासाठी टायरची निवड

मे महिन्याची सुटी लागली की गोव्यातील अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने घाटमाथ्यावर निघतात. कोणी चोर्ला किंवा अनमोड घाटातून बेळगाव गाठतो, कोणी आंबोली वा फोंडा घाटाने कोल्हापूरकडे वळतो. पुढे पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी देवदर्शनाची ठिकाणे असतात. निघण्यापूर्वी इंजिन ऑइल, ब्रेक आणि वातानुकूलन यंत्रणा तपासली जाते. टायरमध्ये हवा भरली की टायरची तयारी झाली, असा मात्र सर्वसाधारण समज असतो.

गोव्यातील रोजच्या वापरात टायरची खरी परीक्षा होत नाही. येथील अंतरे लहान, वेग बेताचा आणि किनारपट्टीचे तापमान भर उन्हाळ्यातही बहुधा ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. गाडीत एक किंवा दोन माणसे असतात. तोच टायर मे महिन्यात सोलापूर, विजयपूर वा कलबुर्गी परिसरात जातो, तेव्हा हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे असते, डांबर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते, गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असते आणि चौपदरी महामार्गावर तासन्‌तास ताशी ९० ते १०० किलोमीटरचा वेग राखला जातो. म्हापसा ते पणजी या फेरीत वर्षभर निमूट चाललेला टायर या चार गोष्टी एकत्र आल्यावर दगा देऊ शकतो. म्हणून टायर निवडताना आपला नेहमीचा रस्ता विचारात न घेता प्रवासातील सर्वांत कठीण टप्पा विचारात घ्यावा.

टायर तापतो कशामुळे?

टायर तापण्याला केवळ ऊन आणि तापलेला रस्ता कारणीभूत नसतात. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि वर गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येतो. हे दबणे व सुटणे मिनिटाला शेकडो वेळा घडते. प्रत्येक वेळी रबर व आतील धाग्यांच्या थरांत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने साठते. हवा कमी असेल तर टायर अधिक दबतो, भार जास्त असेल तरी अधिक दबतो आणि वेग वाढला की ही क्रिया अधिक वेळा होते. निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की आतील थरांना धरून ठेवणारे रबर कमकुवत होते. शेवटी वरचा पट्टा सुटतो किंवा टायरची बाजू फाटते.

उन्हाळ्यात टायर फुटला की दोष उन्हाला किंवा ‘जास्त हवे’ला दिला जातो. चांगल्या स्थितीतील टायर शिफारशीपेक्षा थोड्या अधिक दाबाने सहसा फुटत नाही. कमी हवा, जादा भार, सतत वेग आणि जुने रबर ही त्याची नेहमीची कारणे आहेत. ऊन या चौघांना साथ देते.

टायरवरील अक्षरे कशी वाचावीत?

टायरच्या बाजूवर त्याची संपूर्ण माहिती कोरलेली असते. उदाहरणार्थ, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ ही नोंद घेऊ. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरने ५६० किलो भार पेलावा असा होतो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४०.

एवढ्या वेगाने कोणीच जाणार नसल्यामुळे हे अक्षर निरर्थक वाटेल. प्रत्यक्षात ते टायरच्या उष्णता सहन करण्याच्या क्षमतेचेही द्योतक आहे. गाडीच्या उत्पादकाने ‘एच’ सांगितले असताना थोड्या पैशांसाठी ‘एस’ दर्जाचा टायर बसवणे म्हणजे नेमकी उन्हाळ्यात लागणारी राखीव क्षमता गमावणे होय.

काही टायरांवर ‘टेंपरेचर’ हा शब्द आणि त्यापुढे ए, बी किंवा सी हे अक्षरही असते. ही उष्णतारोधाची श्रेणी होय. ‘ए’ सर्वोत्तम, ‘सी’ किमान. लांबच्या उन्हाळी प्रवासासाठी दोन टायरांपैकी एक निवडायचा असेल आणि दोन्हींवर ही नोंद असेल, तर ‘ए’ श्रेणीला प्राधान्य द्यावे. शेजारी असणारी ‘ट्रॅक्शन’ची श्रेणी ओल्या रस्त्यावर थांबण्याची क्षमता दाखवते. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्हही असावे लागते. ते नसलेला परदेशी टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

भाराचा हिशेब

टायरच्या आकाराकडे सर्वांचे लक्ष असते, भारांकाकडे फारसे कोणाचे नसते. सुमारे १,२०० किलो वजनाची सात आसनी गाडी घ्या. सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो. पिशव्या, पाण्याचे कॅन आणि परतीच्या वाटेवरील खरेदी मिळून १०० किलो धरले तर एकूण वजन १,७५५ किलो होते. ८८ भारांकाचे चार टायर मिळून २,२४० किलो पेलू शकतात, म्हणजे पुरेसा वाव राहतो. त्याऐवजी कोणी ८२ भारांकाचे टायर बसवले तर प्रत्येकाची क्षमता ४७५ किलो, म्हणजे चौघांची १,९०० किलो. वरवर पाहता हेही पुरेसे वाटते. पण शेवटच्या रांगेत माणसे आणि मागे सामान असले की निम्म्याहून अधिक भार मागच्या ॲक्सलवर येतो. तो १,००० किलोपर्यंत गेला, तर मागच्या दोन टायरांची ९५० किलोची मर्यादा ओलांडली जाते.

टायरचा भारांक उत्पादकाने सांगितल्याइतका किंवा त्याहून अधिक असावा, कमी कधीही नसावा. गाडीच्या छतावर कॅरियर लावून सामान चढवणाऱ्यांनी तर हा हिशेब निघण्यापूर्वी कागदावर करावा.

उन्हाळ्यासाठी वेगळा टायर लागतो का?

युरोपात हिवाळी आणि उन्हाळी असे टायरचे दोन संच ठेवण्याची पद्धत आहे. ताशी बर्फात राहणाऱ्या देशांसाठीचा तो सल्ला आपल्याला लागू नाही. आपल्याकडील मोटारींचे टायर मुळात उष्ण हवामान आणि पाऊस गृहीत धरूनच विकले जातात. काही टायरांवर चिखल व बर्फासाठीचे ‘एम अधिक एस’ हे चिन्ह दिसते, त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

गोव्याहून निघणाऱ्याने मात्र उन्हाबरोबर पावसाचाही विचार करावा. मे महिन्याच्या उत्तरार्धात घाटात वळवाच्या सरी येतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस गोव्यात दाखल होतो. जाताना कोरडा तापलेला रस्ता आणि परतताना चोर्ल्यातील ओली, धुक्याने वेढलेली वळणे, असा प्रवास एकाच आठवड्यात घडू शकतो. म्हणून पाणी बाहेर टाकणाऱ्या रुंद उभ्या खाचांची नक्षी असलेला आणि ओल्या रस्त्यावर पकड देणारा टायर निवडावा.

एसयूव्ही वापरणाऱ्यांना जाड, खडबडीत नक्षीच्या ‘ऑल टेरेन’ टायरांचा मोह होतो. कच्च्या रस्त्यावर त्यांचा उपयोग होतो. डांबरी महामार्गावर ते अधिक आवाज करतात, इंधन अधिक खातात आणि ओल्या डांबरावर थांबण्यास अनेकदा अधिक अंतर घेतात. देवदर्शनाच्या प्रवासासाठी ‘हायवे टेरेन’ प्रकार योग्य.

टायर रुंद करण्याची हौसही आवरावी. १८५/६५ आर १५ ऐवजी १९५/६५ आर १५ बसवल्यास चाकाचा व्यास १३ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटरवर दिसणाऱ्या वेगापेक्षा गाडीचा खरा वेग त्या प्रमाणात जास्त असतो. मोठे रिम व पातळ बाजूचे टायर दिसायला देखणे असले, तरी घाटातील खड्ड्यात आपटल्यावर त्यांना धक्का पचवण्यास जागा कमी उरते. बाजू फुगणे किंवा रिम वाकणे हे त्याचे परिणाम होत. मूळ आकार हाच सर्वांत सुरक्षित आकार.

जुना टायर ठेवावा की बदलावा?

याचा निर्णय तीन गोष्टी पाहून करावा : खाचांची खोली, टायरचे वय आणि बाजूची अवस्था.

मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बाद समजावा. ही शेवटची मर्यादा आहे. ओल्या रस्त्यावर थांबण्यास लागणारे अंतर खोली तीन मिलिमीटरखाली गेल्यापासूनच लक्षणीय वाढू लागते. परतीच्या वाटेवर पाऊस भेटण्याचा संभव असेल, तर तीन मिलिमीटर हीच आपली मर्यादा मानावी. खोली मोजण्याचे लहान गेज टायरच्या दुकानात स्वस्तात मिळते. खोली मधोमध, आतील कडेला आणि बाहेरील कडेला अशी तीन ठिकाणी मोजावी. केवळ एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडलेली असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली गेली आहे, आणि मधला भागच झिजला असेल तर ती जास्त भरली गेली आहे.

वय ओळखण्यासाठी ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे गाडीखाली वाकून पाहावे लागते. पाच वर्षे झालेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढील टायर नवा दिसत असला तरी वापरू नये, असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनीच बदलण्यास सांगतात. गोव्यात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे रबर कडक होत जाते. वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्यापूर्वीच म्हातारा होतो.

बाजूवर बारीक भेगांचे जाळे, कापलेला भाग किंवा टेंगूळ दिसले तर तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये. टेंगूळ म्हणजे आतील धागे तुटल्याची खूण. ते दुरुस्त होत नाही. पंक्चरची दुरुस्तीही केवळ नक्षीच्या मधल्या भागात विश्वासार्ह असते. बाजूला पडलेल्या छिद्रात पट्टी भरून शंभराच्या वेगाने जाणे जिवावर बेतू शकते.

खरेदी करताना

नवीन टायर प्रवासाच्या आदल्या दिवशी बसवू नयेत. सुरुवातीचे सुमारे २०० किलोमीटर ते बेताने चालवावे लागतात, आणि बसवण्यात काही दोष राहिला असेल तर तो घराजवळच लक्षात यावा. म्हणून खरेदी किमान आठवडाभर आधी करावी. दुकानात प्रत्येक टायरच्या उत्पादनाचा आठवडा स्वतः पाहावा. एका ॲक्सलवरील दोन्ही टायर एकाच आकाराचे व एकाच नक्षीचे असावेत. व्हॉल्व्हही नवे बसवून घ्यावेत, कारण जुन्या रबरी व्हॉल्व्हला पडलेली चीर नव्या टायरचीही हवा घालवते. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी करावे आणि टायरचे अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो.

खर्चामुळे दोनच टायर घ्यायचे असतील, तर ते मागच्या चाकांना बसवावेत. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळत असली तरी हा नियम बदलत नाही. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर चालकाला ती सावरता येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते. घाटातील ओल्या वळणावर असे झाल्यास सामान्य चालकाला काही करण्यास वेळ मिळत नाही.

वापरलेले टायर चकचकीत करून विकले जातात. त्यांनी पूर्वी किती भार वाहिला आणि किती वेळा कमी हवेवर ते धावले, हे बाहेरून कळत नाही. लांबच्या प्रवासासाठी ते टाळावेत.

हवेचा दाब

योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा इंधनटाकीच्या झाकणाच्या आत दिलेला असतो. अनेक गाड्यांत कमी भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा आकडा असतो. कुटुंबासह निघताना दुसरा आकडा पाळावा. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो आपल्या गाडीसाठीचा आकडा नव्हे.

दाब नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर सकाळी मोजावा. तापमान १० अंशांनी वाढले की ३३ पीएसआयच्या टायरमधील दाब सुमारे दीड ते दोन पीएसआयने वाढतो. महामार्गावर तासभर धावल्यावर तो चार ते सहा पीएसआयने जास्त दिसणे स्वाभाविक आहे. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तेथे बाहेरील हवेचा दाब कमी असतो आणि गेजवर साधारण एक पीएसआय अधिक दिसतो. ही वाढ गृहीत धरूनच उत्पादकाने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. वाटेत पंपावर आकडा वाढलेला पाहून हवा सोडू नये. तसे केल्यास टायर अधिक दबतो, अधिक तापतो, आणि जो धोका टाळायचा तोच ओढवतो. ‘उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवा’ हा पंपावरील सल्लाही याच कारणासाठी नाकारावा.

नायट्रोजनविषयीही अनेकांची विचारणा असते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा संथपणे झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढा त्याचा लाभ आहे. उष्णतेने त्याचाही दाब जवळपास तितकाच वाढतो. तो भरल्यावर वाटेत साधी हवा मिसळण्यास हरकत नाही. नायट्रोजन मिळेना म्हणून कमी दाबावर गाडी चालवणे मात्र चुकीचे.

स्टेपनी

स्टेपनीत हवा आहे का, हे अनेकदा ती लागते तेव्हाच कळते. तिचा दाब आणि उत्पादनाचे वर्ष इतर टायरांप्रमाणेच तपासावे. कित्येक गाड्यांतील स्टेपनी अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती केवळ जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्यासाठी असते. २०२० मधील नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांत ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्ती संच देऊन स्टेपनी वगळण्यात आली आहे. तो संच बाजू फाटल्यास उपयोगी पडत नाही, हे अशा गाडीच्या मालकाने ध्यानात ठेवावे. जॅक आणि पाना गाडीत आहेत ना, व नट हाताने सुटतात ना, हेही घरीच पाहावे.

वाटेत टायर फुटल्यास

ब्रेक जोराने दाबू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. वेग पुरेसा कमी झाल्यावर डावीकडील कडेला थांबावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा. प्रवाशांनी गाडीत न बसता रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि अन्यत्र ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते.

निघण्यापूर्वी

• आठवडाभर आधी : खाचांची खोली, उत्पादनाचा आठवडा, बाजूच्या भेगा व टेंगळे तपासावीत, बदल आवश्यक असल्यास तेव्हाच करावा.
• भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे.
• माणसे व सामान यांच्या वजनाचा हिशेब करावा. जड सामान खाली ठेवावे.
• निघण्याच्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये पूर्ण भारासाठीचा दाब भरावा. स्टेपनी विसरू नये.
• दर दोन तासांनी थांबावे. टायरजवळ हात नेऊन पाहावे. एकच टायर इतरांपेक्षा फार तापला असेल, तर त्यातील हवा कमी झाली असण्याची किंवा त्या चाकाचा ब्रेक अडकल्याची शक्यता असते.
• परतीच्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजावा.

चारही टायर मिळून गाडी जमिनीला जेथे टेकते, तो भाग चार तळहातांएवढाच असतो. पावसाळ्यानंतर टायर बदलू, असा विचार करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की त्याच्या टायरचा सर्वांत कठीण प्रवास पावसाळ्यापूर्वीचा हाच असणार आहे.